लॉक घेतलं आणि रास्पबेरी पाय गोठला: इंटरप्ट हँडलरमधल्या कुलपाची गोष्ट

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा महिन्याअखेरीस डेटा पुरवून वापरायचाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे कसंय ना" तेवढे काढलेत.

यावेळचा प्रश्न निमोण्याहून आलाय. निमोणे म्हणजे आपल्या शिरूर तालुक्यातलं, घोड धरणाच्या पट्ट्यातलं. पाठवणारा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरी ऊस आणि कांदा. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला वडिलांनी बॅटरी घेऊन विहिरीवर जाऊ नये म्हणून पोरानं एक चांगलं काम केलं. पाइपात फ्लो सेन्सर बसवला, तो रास्पबेरी पायला जोडला आणि पायकडून रिले मारून मोटरचा स्टार्टर बंद व्हायची सोय केली. ठरवलेलं पाणी गेलं की मोटर आपोआप थांबणार. सेन्सरसाठी लिनक्सचा छोटा ड्रायव्हरही स्वतःच लिहिला.

आता अडचण. पाय मधूनच गोठतो. एरर नाही, लॉग नाही, एसएसएच लागत नाही. कधी दोन तासांत गोठतो, कधी अख्खी रात्र नीट चालतो. आणि पाय गोठला की मोटर बंद करणारं कोणी राहत नाही. विहिरीचा तळ लागला तरी मोटर कोरडीच फिरत राहते. मोटर जळली तर रिवाइंडिंगचा खर्च किती येतो ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. त्याच्या वडिलांचं म्हणणं एकच, "हे काढ आणि मला बॅटरी दे."

त्यानं कोड पाठवला होता. वाचला. चूक एका ओळीची आहे, पण तीच चूक पगार घेऊन ड्रायव्हर लिहिणारेही करतात. म्हणून अख्खा भाग त्यावर.

इंटरप्ट म्हणजे नेमकं काय होतं

सेन्सरमधलं चाक फिरलं की तो एक पल्स पाठवतो. पल्स आला की प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे सोडतो आणि ठरलेलं एक फंक्शन चालवतो. ते फंक्शन म्हणजे इंटरप्ट हँडलर. ते संपलं की प्रोसेसर मागे येतो आणि अर्धवट काम जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू करतो. तुमच्या फोनच्या स्क्रीनला बोट लागलं, वायफायवर पॅकेट आलं, टायमर वाजला, सगळीकडे हेच.

या वर्णनातली एक गोष्ट पक्की धरा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हँडलर संपल्याशिवाय अर्धवट काम पुढे सरकत नाही. दोघं एकाच कोअरवर आहेत, एक दुसऱ्याच्या छातीवर बसलेला. "थोडा वेळ याला चालू दे, थोडा वेळ त्याला" असा प्रकार इथे नाही.

आपल्या मित्राचा हँडलर तीन गोष्टी बदलतो: एकूण पल्स किती, शेवटचा पल्स कधी आला आणि सध्याचा वेग किती. दुसऱ्या बाजूला एक प्रोग्रॅम दर सेकंदाला ड्रायव्हरला विचारतो, "बाबा, किती झालं?" ड्रायव्हर त्या तीन गोष्टी वाचून देतो. वाचता वाचता मध्येच हँडलर येऊन गेला तर आकडा जुना आणि वेग नवा अशी खिचडी होईल. म्हणून लॉक हवं. नुसता एक आकडा असता तर ॲटॉमिक काउंटर पुरला असता, लॉकची गरजच नव्हती. पण तीन गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात, म्हणून त्यानं स्पिनलॉक घेतलं. इथपर्यंत बरोबर.

स्पिनलॉक म्हणजे असं लॉक की ते मिळालं नाही तर थांबणारा झोपत नाही, जागेवर गोल गोल फिरत विचारत राहतो, "सुटलं का? सुटलं का?"

डेअरीतला माणूस

गावातलं दूध संकलन केंद्र डोळ्यासमोर आणा. सकाळची वेळ, एकच माणूस फॅट बघून वहीत नोंद करतोय. नियम असा की एकाची नोंद पूर्ण होईपर्यंत वहीला दुसरं कोणी हात लावायचा नाही. हे झालं लॉक. दुसरा नियम असा की फोन वाजला तर आधी फोन, बाकी सगळं नंतर. हा झाला इंटरप्ट.

नोंद अर्धी झालीय, लिटर लिहिलेत, फॅट लिहायचीय. तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडून विचारतात, "आज एकूण दूध किती?" एकूण सांगायला वही बघायला हवी. वही मोकळी नाही, नोंद अर्धी आहे. म्हणून तो फोन कानाला लावूनच वही मोकळी व्हायची वाट बघत बसतो. वही कोण मोकळी करणार? तोच. आणि तो फोनवर आहे.

खरा माणूस असता तर हसून म्हणाला असता, "दोन मिनिटांनी लावा." प्रोसेसरला ते जमत नाही. त्याला "फिरत राहा" सांगितलंय, तो फिरत राहतो.

पायवर हेच झालं. "किती झालं" वाचणाऱ्या कोडनं लॉक घेतलं. लॉक हातात असतानाच त्याच कोअरवर पल्स आला. हँडलर सुरू झाला आणि तेच लॉक मागत फिरायला लागला. ज्याच्याकडे लॉक आहे तो हँडलरखाली दबलाय. हा डेडलॉक, आणि तोही स्वतःचाच स्वतःशी. सुरुवातीला बाकीचे कोअर चालू असतात. पण कधी ना कधी प्रत्येकाला या अडकलेल्या कोअरकडून काहीतरी उत्तर लागतं, आणि मग एकेक करून सगळे थांबतात. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला मशीन हळूहळू मेल्यासारखं दिसतं.

मग रोज का होत नाही?

हा प्रश्न त्यानं वेगळा विचारला होता. त्याचं उत्तर नुसत्या गुणाकारात आहे.

समजा लॉक हातात असण्याचा काळ २ मायक्रोसेकंद आहे आणि सेकंदाला एकदा वाचन होतं. मोटर जोरात चालू असताना सेकंदाला १०० पल्स येतात असं धरू. मग एखादा पल्स नेमका त्या २ मायक्रोसेकंदांत पडण्याची शक्यता दर सेकंदाला ५००० मध्ये १. पायला चार कोअर आहेत. सेन्सरचा इंटरप्ट बहुतेक वेळा शून्य क्रमांकाच्या कोअरवर येतो, वाचणारा प्रोग्रॅम मात्र चारपैकी कुठेही असू शकतो. तो त्याच कोअरवर असेल तरच गाडी अडकते. म्हणून २०,००० मध्ये १. वीस हजार सेकंद म्हणजे साधारण साडेपाच तास. हे आकडे मी धरलेले आहेत, पण "कधी दोन तास, कधी रात्रभर काही नाही" हे त्यांत नेमकं बसतं. पाणी जोरात गेलं की पल्स वाढतात आणि गोठणंही वाढतं. म्हणजे मोटर जेव्हा सगळ्यात जास्त ओढत असते, तेव्हाच ती बंद करणारा मरतो.

घरी टेबलावर सेन्सरमध्ये फुंकर मारून टेस्ट केलं तर हे दिसणारच नाही. "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य या प्रकारच्या बगला अजिबात लागू होत नाही.

सावधगिरी कोणत्या बाजूला?

त्याच्या कोडमधली खरी गंमत पुढे आहे. त्यानं आयआरक्यूसेव्ह हे नाव कुठेतरी वाचलं होतं. म्हणून हँडलरच्या आत त्यानं ते खास लॉक वापरलं, "स्पिन लॉक आयआरक्यूसेव्ह", आणि बाहेरच्या वाचणाऱ्या कोडमध्ये साधं "स्पिन लॉक" ठेवलं. त्याचा विचार असा की धोका इंटरप्टचा, तर काळजी इंटरप्टमध्ये घ्यायची.

आहे बरोबर उलट. हँडलरमध्ये शिरल्यावर लिनक्स आजकाल त्या कोअरवरचे बाकीचे इंटरप्ट तसेही बंदच ठेवतं, म्हणून तिथे साधं लॉक चाललं असतं. काळजी घ्यायची ती बाहेरच्यानं, म्हणजे ज्याला मध्येच तोडलं जाऊ शकतं त्यानं. डेअरीवाल्यानं नोंद सुरू करण्याआधी फोन सायलेंट करायचा, नोंद झाली की परत चालू. फोन करणाऱ्याकडे काही उपाय नाही.

आयआरक्यूसेव्ह करतं ते एवढंच. आधी आपल्या कोअरवर इंटरप्ट बंद, मग लॉक. सोडताना आधी लॉक सोडायचं, मग इंटरप्ट पूर्वी जसे होते तसे. हा क्रम उलटा केला तर काय होईल बघा. आधी लॉक घेतलं आणि मग इंटरप्ट बंद केले, तर मधल्या त्या एका क्षणात पल्स येऊ शकतो, म्हणजे पुन्हा पहिले पाढे. सोडतानाही तसंच. म्हणून या दोन गोष्टी स्वतः वेगवेगळ्या ओळींत लिहू नका, तयार फंक्शन आहे ते वापरा.

"फक्त आपल्याच कोअरवर बंद का? बाकीच्यांवर का नाही?" कारण दुसऱ्या कोअरवर हँडलर आला आणि त्यानं लॉक मागितलं, तर तो थोडा फिरेल एवढंच. लॉक ज्याच्याकडे आहे तो आपल्या कोअरवर मोकळेपणानं पुढे जातोय, दोन मायक्रोसेकंदांत सोडेल. डेअरीत दुसरा माणूस फोन घेत असेल तर तो वहीसाठी क्षणभर थांबला म्हणून बिघडत नाही. बिघडतं ते फोन घेणारा आणि नोंद करणारा एकच असेल तेव्हा.

नावातलं "सेव्ह" काय जपतं? इंटरप्ट आधीपासून बंद होते की चालू, ते. याचा एक भाऊ आहे, "स्पिन लॉक आयआरक्यू". तो काहीच लक्षात ठेवत नाही, सोडताना बिनदिक्कत इंटरप्ट चालू करतो. तुमचं फंक्शन अशा कोणी बोलावलं असेल ज्यानं इंटरप्ट आधीच बंद केलेत, तर तुम्ही त्याचं दार त्याच्या पाठीमागे उघडून निघून जाता. मग डेडलॉक तुमच्या नाही, त्याच्या कोडमध्ये होतो, आणि तो बिचारा आठवडाभर स्वतःच्याच कोडमध्ये शोधत बसतो. खात्री नसेल तर सेव्हवालंच घ्या. त्याचा जास्तीचा खर्च नगण्य आहे.

म्यूटेक्सनं सुटेल का?

नाही. त्यानं हेही करून बघितलं होतं आणि कर्नल ओरडलं: "शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक". म्यूटेक्स मिळालं नाही की थांबणाऱ्याला झोपवलं जातं आणि कोअर दुसऱ्या कामाला दिला जातो. पण हँडलर म्हणजे स्वतंत्र प्रोसेस नव्हे, तो उसन्या जागेवर चालतो. झोपवायचं कोणाला? ज्याला मध्येच तोडलं त्याला झोपवलं, तर लॉक बहुधा त्याच्याकडेच असणार.

याच कारणासाठी स्पिनलॉक हातात असताना झोपू शकेल असं काहीच करायचं नाही. आपल्या मित्राच्या कोडमध्ये ही दुसरी बारीक चूक होती: लॉक धरूनच तो युजर प्रोग्रॅमच्या मेमरीत आकडे कॉपी करत होता. ती मेमरी त्या क्षणी रॅममध्ये नसेल तर कर्नलला थांबावं लागतं. बरोबर पद्धत अशी: लॉक घ्या, तिन्ही आकडे स्वतःच्या लोकल व्हेरिएबलमध्ये उचला, लॉक सोडा, मग निवांत कॉपी करा. लॉकही कमी वेळ धरलं जातं. इंटरप्ट बंद असताना त्या कोअरला बाहेरचं काहीच ऐकू येत नाही, म्हणून हा काळ जितका छोटा तितका बरा. जास्त ताणलात तर गाणं अडखळतं, सिरियल पोर्टवरचे बाइट हरवतात.

दोन लॉक, आणि कोपऱ्यातला डेडलॉक

इथवरचं बऱ्याच जणांना कळतं. पुढचं फसवं आहे, सावकाश वाचा.

लॉक अ हँडलरमध्ये वापरलं जातं, म्हणून सगळीकडे आयआरक्यूसेव्हनं घेता. लॉक ब लॉगच्या बफरचं आहे, हँडलर त्याला कधी हात लावत नाही, म्हणून साधं घेता. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आता कुठेतरी कोणी अ धरलेलं असताना ब मागतो. झालं.

पहिल्या कोअरनं ब घेतलंय, इंटरप्ट चालू आहेत. दुसऱ्या कोअरनं इंटरप्ट बंद करून अ घेतलं आणि आता ब साठी फिरतोय. तेवढ्यात पहिल्या कोअरवर पल्स आला, हँडलर अ मागतोय. पहिला दुसऱ्यासाठी थांबलाय, दुसरा पहिल्यासाठी. ब ला हँडलरनं कधी हातही लावला नाही, तरी त्यानं फसवलं. इंटरप्टची काळजी अशी एका लॉकवरून दुसऱ्यावर पसरते. अ च्या आत जे जे लॉक घेतलं जातं, त्या प्रत्येकाला अ चाच नियम लागू होतो.

लाखो ओळींच्या कर्नलमध्ये हे डोळ्यानं कोण बघणार? म्हणून इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये लिनक्स २.६.१८ मध्ये लॉकडेप आणलं. लॉकडेप प्रत्येक लॉकची वही ठेवतं: हे कधी इंटरप्टमध्ये घेतलं गेलं का, इंटरप्ट चालू असताना घेतलं गेलं का, कोणाच्या आत कोण घेतलं. डेडलॉक प्रत्यक्ष व्हायची गरज नाही. दोन्ही वाटा एकेकदा वेगवेगळ्या वेळी चालल्या, तरी नोंदी जुळवून ते सांगतं की इथे एक दिवस अडकणार आहे. साडेपाच तासांनी येणारा बग पहिल्या मिनिटात दाखवतं. मला विचाराल तर ड्रायव्हर शिकणाऱ्या पोरांना सी भाषेच्या दुसऱ्या पुस्तकाआधी लॉकडेप चालू करायला शिकवावं.

दार बंदच होत नसेल तर?

काही इंटरप्ट बंद करताच येत नाहीत. त्यांना एनएमआय म्हणतात. मशीन अडकलंय का हे बघणारा वॉचडॉग बऱ्याच प्रोसेसरांवर त्यांचाच वापर करतो, कारण इंटरप्ट बंद करून फिरत बसलेल्या कोअरला दुसरं काही ऐकूच जात नाही. तिथे आयआरक्यूसेव्हचा उपयोग शून्य.

याच जागी पुण्याचं एक काम आठवतं. केजीडीबी हा कर्नलचा डिबगर आहे: चालतं कर्नल गोठवायचं आणि सिरियल वायरनं दुसऱ्या मशीनवरून त्याच्या पोटात बघायचं. लिनस टोरवाल्ड्सला कर्नल डिबगर मुळात आवडत नसत, त्यामुळे हा पॅच बरीच वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेरच राहिला. तो सांभाळणाऱ्यांत पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे अमित काळे होते. शेवटी २००८ मध्ये २.६.२६ मध्ये केजीडीबी आत आलं, आणि डिबगरच्या मुख्य फाइलच्या डोक्यावर २००३-२००४ सालांसह त्यांचं नाव आहे. कर्नलचा सोर्स उतरवलात तर स्वतः बघा.

आता विचार करा, हा डिबगर किती अडचणीत काम करतो. तो कुठल्याही क्षणी सगळे कोअर गोठवतो. गोठवलेल्यांपैकी एखाद्यानं त्याच सिरियल पोर्टचं लॉक धरलेलं असू शकतं. डिबगरनं बोलायला पोर्टचं लॉक मागितलं तर? ज्याच्याकडे आहे त्याला यानंच गोठवलंय. म्हणून डिबगर लॉक घेतच नाही. त्याच्यासाठी सिरियल ड्रायव्हरमध्ये वेगळी वाट ठेवलीय: एक अक्षर टाक, एक अक्षर वाच, इंटरप्ट नाही, लॉक नाही.

कर्नल कोसळताना शेवटचा संदेश छापतं तेव्हाही काहीसं असंच आहे. तेव्हा सिरियल कन्सोलचा ड्रायव्हर ट्रायलॉक वापरतो: मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर तसाच छापतो. दोन ओळी एकमेकांत मिसळल्या तरी चालतील, पण शेवटचे शब्द बाहेर पडायला हवेत. हा हिशोब मला पटतो.

आणि नवीन काय

२००९ पासून, २.६.३० नंतर, हँडलरचे दोन तुकडे करता येतात. छोटा तुकडा "पल्स आला" एवढं मान्य करतो, मोठं काम एका थ्रेडमध्ये जातं. थ्रेड झोपू शकतो, म्हणून तिथे म्यूटेक्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीत रिअल टाइमचं बरीच वर्षं बाहेर असलेलं काम मुख्य कर्नलमध्ये पूर्ण झालं. तो पर्याय चालू केला की बहुतेक हँडलर थ्रेड बनतात आणि साधं स्पिनलॉकही झोपणारं होतं. खरोखर फिरणारं हवं असेल तर रॉ स्पिनलॉक मागावं लागतं. पल्स मोजण्यासाठी आपल्या मित्राला यातलं काहीच लागत नाही.

त्याला कळवलंय ते असं. वाचणाऱ्या फंक्शनमध्ये साध्याच्या जागी आयआरक्यूसेव्ह लाव. कॉपी लॉकच्या बाहेर काढ. कर्नल बांधताना "प्रूव्ह लॉकिंग" हा पर्याय चालू कर आणि जुना कोड एकदा मुद्दाम चालव. एक पल्स आणि एक वाचन झालं की डीमेसेजमध्ये "इनकन्सिस्टंट लॉक स्टेट" दिसायला हवं. मग नवा कोड चालव, ते गेलं पाहिजे. पायवर एवढं मोठं कर्नल बांधायला रात्र जाईल, म्हणून लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल कर.

आणि मोटरसाठी वेगळं. पायमधला हार्डवेअर वॉचडॉग चालू कर. कर्नल अडकलं की तो थोड्या सेकंदांत पाय रीस्टार्ट करेल. रिले अशी जोड की पायकडून सिग्नल नसला की मोटर बंदच राहील. आणि स्टार्टरला ड्राय रनचं संरक्षण वेगळं बसव, ते सॉफ्टवेअरवर सोडू नको.